ऐनाचं झाड टेकडीवर कसं गेलं

माझ्या कामाला मूल गावात नाव नव्हतं. कुणी विचारलं तर मी "डेटाबेस सांभाळतो" असं सांगायचो. समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या माणसाला सांगायचा, "वाघाच्या ऑफिसात टायपिंगवर आहेत." निवृत्त होईपर्यंत मी ते दुरुस्त केलं नाही. टायपिंग खरंच पुष्कळ होतं. शिवाय माझी बायको विशाखा म्हणायची, की त्यांचं सांगणं तुमच्या सांगण्यापेक्षा लवकर कळतं.

विशाखा शाळेत जीवशास्त्र शिकवायची. गेल्या माघात ती गेली. मी लिहिलेलं काहीही बाहेर जाण्याआधी ती पेन्सिलनं त्यावर खुणा करायची. या लेखावर त्या मलाच कराव्या लागल्या, म्हणून संपादकांना बरीच वाट बघावी लागली.

आमचं कार्यालय म्हणजे भाताच्या गिरणीमागच्या दोन खोल्या. वन्यप्राण्यांचा अभ्यास करणारी एक लहान संस्था होती. हंगामात कीबोर्डवर तुसाची धूळ बसायची आणि रोज सकाळी ती झटकून कामाला सुरुवात व्हायची. पोंभुर्ण्याच्या बाजूच्या जंगलात पायवाटांवर आमचे कॅमेरे बांधलेले असत. एका ठिकाणी दोन, वाटेच्या दोन्ही अंगांच्या झाडांना, समोरासमोर. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोटो एकदम मिळाले नाहीत तर एका वाघाचे दोन वाघ होतात. समोरून काही ऊबदार हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. देवरावभाऊ हे आमचे रानात फिरणारे सहकारी. ते मोटारसायकलवर जाऊन कॅमेऱ्यांतली कार्डं काढून आणायचे आणि मी ती संगणकात उतरवायचो.

प्रत्येक फोटोची तक्त्यात एक ओळ. ओळीत रकाने: कॅमेऱ्याचा क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ, प्राणी, किती, आणि शेवटी शेरा. ठिकाण मी हातानं लिहीत नसे. कोणता कॅमेरा कुठं बांधला आहे ते संगणकाला एकदा सांगून ठेवलेलं होतं. क्रमांक पाहून ठिकाण तो स्वतःच भरायचा.

माणसांचे फोटो आम्ही ठेवत नव्हतो. त्याचं कारण रानालगतच्या सावरटोल्याच्या मैनाबाई. कॅमेरे नवे लागले तेव्हा गावच्या सभेत त्या उठून म्हणाल्या होत्या, "आमी बाया रानात कशाकशासाठी जातो, ते तुमच्या पेटीनं काऊन पाहावं?" मग असं ठरलं, की फोटोत माणूस आहे हे संगणकानं ओळखायचं आणि कुणाच्याही नजरेला पडायच्या आत फोटो पुसून टाकायचा. ओळ तेवढी राहायची. प्राणी या रकान्यात 'मनुष्य', आणि पुढे किती ते.

आता माझं मुख्य काम. एका ओळीत चूक असेल तर ती ओळ उघडून दुरुस्त करता येते. पण चुका सहसा एकट्या येत नाहीत. एखाद्या कॅमेऱ्याचं घड्याळ बारा तास मागे असतं, आणि मग त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या ओळींत पहाटेची संध्याकाळ झालेली असते. अशा वेळी संगणकाला एक वाक्य लिहून द्यायचं: या तक्त्यात, या रकान्यात, असा बदल कर. आणि त्यापुढे अट: ज्या ओळींत हे, हे आणि हे असेल, फक्त त्यांच्यात. सगळी कला त्या अटीत आहे. सैल बांधली तर नको त्या ओळी आत येतात, आवळून बांधली तर हव्या त्या बाहेर राहतात.

आणि विसरली तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं. नागपूरहून आलेल्या एका संशोधक बाईंना काही ओळींत अस्वलाच्या जागी रानडुक्कर लिहायचं होतं. वाक्य बरोबर लिहिलं, अट राहिली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत वाघ, बिबट, वानर, चितळ, सावरटोल्याच्या शेळ्या आणि तमाम मनुष्य, सगळे रानडुक्कर झाले. संस्था चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी वाकून पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "चला. आता या जंगलात कुणाचं कुणाशी भांडण नाही."

देवरावभाऊ दारात होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे माही बी नोंद रानडुक्कर झाली का जी?"

"तुमचीही."

"आमची घरवाली तं हेच म्हनते. तिले संगणक नाई लागला."

सकाळची प्रत ठेवलेली होती, म्हणून वाघ परत आले. तेव्हापासून आमच्याकडे एक शिस्त लागली. बदलाचं वाक्य चालवण्याआधी तीच अट घालून संगणकाला नुसतं 'दाखव' म्हणायचं. ज्या ओळी बदलणार आहेत त्या आधी डोळ्यांनी पाहायच्या, मग बदलायच्या. बदलल्यावरही लगेच पक्कं करायचं नाही. पुन्हा एकदा पाहायचं आणि मग 'पक्कं कर' म्हणायचं. तोवर माघार घेता येते. विशाखानं ही शिस्त घरात आणली. मी जुनी मासिकं रद्दीत द्यायला काढली की ती म्हणायची, "आधी दाखवा."

ज्या प्रसंगासाठी हे सगळं सांगितलं, तो मोहाच्या दिवसांतला.

मोहाची फुलं पहाटे गळतात. गुरं आणि अस्वलं पोचायच्या आत वेचायची म्हणून बाया झुंजुमुंजू असतानाच टोपली घेऊन निघतात. मोहाखाली वाकून वेचणारं माणूस लांबून चार पायांचं दिसतं. आमच्याकडे वाघानं बायांवर केलेले पुष्कळसे हल्ले याच वेळचे, याच वाकण्यातले. त्या वर्षी सावरटोल्याच्या रानात एक वाघीण पिल्लं घेऊन हिंडत होती.

गावाला मोहाच्या दोन राया. एक बोडीकडची, बोडी म्हणजे आमच्याकडे पाणी साठवलेलं लहान तळं. दुसरी टेकडीकडची. दोन्ही वाटांवर आमचे कॅमेरे होते. रोज संध्याकाळी आमचा संगणक तक्त्यावरून हिशेब करून एक सूचना तयार करायचा, की अलीकडे पहाटे वाघीण कोणत्या वाटेनं गेली. ती सूचना सावरटोल्यात आणि आसपासच्या टोल्यांत, म्हणजे लहान वस्त्यांत, मोबाईलवर जायची आणि बाया त्याप्रमाणे राई निवडायच्या. त्या दिवसांत सूचना एकच यायची. टेकडीची वाट टाळा, बोडीची मोकळी आहे.

एका शनिवारी मी टेकडीचे फोटो ओळींशी ताडून पाहत होतो. वाघ ओळखणं माझं काम नव्हतं. फोटो आणि ओळ जुळते का, एवढंच मी बघायचो. एका फोटोत वाघिणीचं पिल्लू एका झाडाच्या बुंध्याशी अंग घासत होतं. मी पिल्लू बघून पुढे गेलो, आणि परत मागे आलो. झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली होती. ऐन. संध्याकाळच्या फिरण्यात विशाखानं मला ज्या थोड्या झाडांची ओळख करून दिली होती, त्यातलं हे पहिलं. मी त्याच कॅमेऱ्याचे आधीचे फोटो काढले. तिथं समोर धावडा होता, पांढुरका, गुळगुळीत बुंध्याचा.

घरी चहा घेताना मी तिला हे सांगितलं. ती उत्तरपत्रिका तपासत होती.

"टेकडीवर ऐन असेलही एखादा," ती म्हणाली.

"असेल. पण धावड्याच्या जागी ऐन?"

तिनं पेन खाली ठेवला. "झाड चालत नाही. मग काय चाललं?"

मी देवरावभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "सर, टेकडीवर धावडाच हाय. म्या परवाच तिथी पाठ टेकून पानी पेलो. ऐन तं बोडीवर हाय."

झाड जागेवर होतं. म्हणजे कॅमेरा जागेवर नव्हता. आणि ज्याला आम्ही टेकडी म्हणत होतो ती बोडी असेल, तर रोज संध्याकाळी आम्ही बायांना वाघिणीच्याच वाटेवर पाठवत होतो.

मी मॅडमना कळवलं. त्यांनी विचारलं, "खात्री आहे?" मी नाही म्हणालो. अंदाजावरून सूचना उलटी केली आणि अंदाज चुकला, तर बाया टेकडीवर तिच्या तोंडी जातील. शेवटी त्यांनी सांगितलं, रविवारसाठी दोन्ही वाटा बंद असं कळवा. एक दिवस ऐकतील. दुसऱ्या दिवशी ऐकणार नाहीत. मोह कुणासाठी थांबत नाही. म्हणजे रविवारच्या संध्याकाळपर्यंत तक्ता बरोबर व्हायला हवा होता.

रविवारी दुपारी देवरावभाऊ मोटारसायकलवर आणि मागोमाग माझ्या स्कूटरवर मी आणि विशाखा, असे आम्ही निघालो. तिचं यायचं काही कारण नव्हतं. "मला ते झाड बघायचं आहे," एवढंच ती म्हणाली. उन्हाच्या वेळी वाघीण हलत नाही असा देवरावभाऊंचा भरवसा होता. माझा किती होता ते सांगत नाही.

बोडीवर पोचल्यावर देवरावभाऊंनी कॅमेऱ्याखाली मान घालून क्रमांक वाचला. मग वाटेच्या पलीकडचा वाचला. "सर, हे दोनी टेकडीचे."

बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक बाई कपडे वाळत घालत होत्या. "मैनाबाईच हायत," देवरावभाऊ म्हणाले आणि त्यांना बोलवायला गेले. आम्ही दोघं वाटेवर थांबलो. विशाखानं ऐनाच्या सालीवर तळहात ठेवला. उन्हाळ्यात याच्या बुंध्यात पाणी असतं, असं ती मला सांगत होती. मग तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं.

"आपला फोटो निघाला असेल ना?"

"दोन्ही बाजूंनी."

"आणि पुसला जाईल."

"हो. नियम आहे."

"मग नीट उभे तरी राहू," ती म्हणाली आणि तिनं पदर सारखा केला. आम्ही दोघं उभे राहिलो.

मैनाबाई आल्या, पण आमच्याकडे बघेनात. देवरावभाऊंनी विचारलं, "बाई, ह्या पेट्या कोनी काढल्या होत्या जी?"

"कोन काढंल? तिथीच हायत का नाई?"

"हायत. पन इकडच्या तिकडं गेल्या, अन् तिकडच्या इकडं."

विशाखा पाळीवर जाऊन बसली, पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि आधी त्यांच्यापुढे धरली. मैनाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमी मूलच्या शाळेतल्या बाई ना? माही पोरगी होती तुमच्या हाताखाली. बेडूक कापाले नाई म्हने, तिले तुमी मारलं नाई."

"मलाही आवडायचं नाही ते," विशाखा म्हणाली.

मग मैनाबाई खाली बसल्या. "मोहाखालचा पाला जाळला होता. फुलं दिसाव म्हनून दरसाल जाळतो जी. त्या दिवशी वारा फिरला. आग टेकडीवरून खाली बोडीकडं येऊन राह्यली होती. पेट्या जळल्या असत्या तं तुमी म्हनले असते, सावरटोल्यानं जाळल्या. म्हनून आमी चारी काढल्या. लुगड्यात बांधून माह्या घरी धान साठवाच्या ढोलीत ठेवल्या. आग इझली, मंग परत बांधल्या. तोंडं समोरासमोर, पट्टे घट्ट. काय चुकलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "फक्त घरं बदलली त्यांची."

"सारख्याच दिसतात त्या. सख्ख्या बहिनींवानी. कोनची कोन, कसं वळखाव?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आता आगीची केस कराल का भाऊ?"

"मला फक्त दिवस हवा आहे. कुठल्या दिवशी काढल्या आणि कुठल्या दिवशी बांधल्या."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. मूलच्या बाजाराच्या आदल्या दिवशी काढल्या, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बांधल्या. आणि डोळे उघडले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हंजे वाघीन इथी हिंडून राह्यली, अन् तुमचा मोबाईल आमाले इथीच धाडून राह्यला?"

मी हो म्हणालो.

"म्या तं म्हनतच होती. ह्या उन्हात लेकरं घेऊन, पानी सोडून, कोनती माय टेकडीवर राहील? पन पोरगी म्हनते, आई, मोबाईलवर आलं हाय." त्या उठल्या. "सावरटोल्यात म्या सांगतो. पन बाकीच्या टोल्यांत माहं कोन ऐकंल? ते तुमच्या मोबाईललेच पाहतात."

देवरावभाऊंनी चारी कॅमेरे सोडले, कार्डं काढली आणि ज्याला त्याला आपापल्या झाडाशी बांधलं. ऊन उतरायच्या आत आम्ही मूलला परतलो. विशाखा घरी न जाता कार्यालयातच माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली.

कार्डं उतरवली आणि आधी 'दाखव' म्हटलं. मैनाबाईंनी सांगितलेल्या दिवशी चारी कॅमेऱ्यांवर 'मनुष्य, ३', 'मनुष्य, ४' अशा ओळींची गर्दी होती. मग काहीच नाही. ढोलीतला अंधार. त्यानंतर पुन्हा 'मनुष्य'. फोटो एकही नाही, पण त्या बायांची सगळी धावपळ तिथं होती. अशा ओळी मी रोज बघत होतो. बाया मोहाला गेल्या असतील, एवढंच मला वाटलं होतं.

आता बदल. तो सोपा वाटतो, आणि नेमका तिथं खड्डा आहे. पहिल्या वाक्यानं टेकडीच्या ओळी बोडीच्या केल्या, की बोडीच्या नावाखाली खऱ्या आणि खोट्या दोन्ही ओळी एकत्र होतात. मग दुसऱ्या वाक्यानं बोडीच्या ओळी टेकडीच्या करायला जावं, तर सगळ्याच टेकडीवर चढतात. एका तांब्यात ताक, एका तांब्यात पाणी, आणि अदलाबदल करायची असेल तर तिसरा तांब्या लागतो. दुसऱ्या रीती आहेत, पण हाताशी वेळ कमी असताना मला तिसऱ्या तांब्याचीच खात्री वाटते. म्हणून मी तात्पुरतं एक ठिकाण तयार केलं आणि टेकडीच्या ओळी आधी तिथं नेऊन ठेवल्या.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. "हे 'ढोली' कुठलं ठिकाण?" त्यांनी विचारलं.

"मैनाबाईंच्या घरी आहे," विशाखानं सांगितलं.

मग बोडीच्या ओळी टेकडीवर नेल्या, आणि ढोलीतल्या बोडीवर. अटीत सुरुवात धरली ती बायांनी कॅमेरे परत बांधल्याची वेळ. शेवट धरला तो देवरावभाऊंनी त्याच दुपारी पट्टे सोडले तो क्षण. बायांनी बांधण्याआधीच्या ओळी खऱ्या होत्या, त्यांना हात लावायचा नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात सगळ्या ओळींना एकच वाक्य लिहिलं: 'सुरक्षिततेसाठी कॅमेरे काढले; बांधताना अदलाबदल; ठिकाण दुरुस्त.' आग कुणी लावली हे तक्ता विचारत नव्हता. मी पुन्हा 'दाखव' म्हटलं. ढोली रिकामी. टेकडीच्या फोटोंत धावडा, बोडीच्या फोटोंत ऐन, एकूण एक. वाघीण आणि पिल्लं ऐनाखाली. मॅडमनी स्वतः पाहिलं. मी 'पक्कं कर' म्हणालो.

दिवेलागणीला सूचना गेली: बोडीची वाट टाळा.

पुढच्या खेपेची कार्डं आली तेव्हा पहिल्यांदा सोमवारची पहाट उघडली. बाया वेचायला बसतात त्याच वेळेला वाघीण बोडीच्या वाटेनं आली होती. एक पिल्लू पुढे, बाकीची मागे. वाटेवर माणूस नव्हतं. त्याच वेळी टेकडीच्या कॅमेऱ्यावर ओळींमागून ओळी होत्या: मनुष्य, मनुष्य, मनुष्य. मी त्या मोजल्या नाहीत. बराच वेळ नुसत्या पाहत राहिलो.

मैनाबाई नंतर बाजारात भेटल्या. आभार वगैरे काही नाही. "टेकडीवरचा मोह बारीक पडते भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाघिनीले सांगा, लवकर सरक म्हना. अन् बाईंले घेऊन या एकडाव." जायचं राहिलं. नंतर विशाखाचे दवाखाने सुरू झाले.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मला बऱ्याच खिडक्यांपुढे उभं राहावं लागलं. शिधापत्रिका, मतदार यादी, तिची पेन्शन. प्रत्येक ठिकाणी कुठल्यातरी तक्त्यात ती एक ओळ होती आणि एका रकान्यात एक शब्द बदलायचा होता. खिडकीपलीकडचं माणूस खाली बघून बटण दाबायचं. दर वेळी माझ्या ओठांवर यायचं, आधी दाखवा.

पावसाळ्यात मी एकदा गिरणीमागच्या त्या खोल्यांत गेलो. मॅडम अजून तिथंच आहेत. त्यांनी मला माझ्या जुन्या खुर्चीवर बसू दिलं. मी बदलाचं कुठलंच वाक्य लिहिलं नाही. फक्त 'दाखव' लिहिलं, आणि अट: ठिकाण बोडी, तो रविवार, प्राणी मनुष्य.

आलेल्या ओळींत आमच्या दोन होत्या, समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांच्या. एक डाव्या कुशीची, एक उजव्या. फोटोची जागा दोन्हीकडे रिकामी. वेळ दुपारची. किती, या रकान्यात दोन. त्या दुपारी या ओळी आधी टेकडीच्या नावावर पडल्या होत्या, मग थोडा वेळ मैनाबाईंच्या ढोलीत राहिल्या, आणि शेवटी बोडीवर आल्या. शेऱ्यात बाकीच्या ओळींसारखंच लिहिलेलं होतं, ठिकाण दुरुस्त. ते मीच लिहिलं होतं, आणि ती शेजारी बसलेली होती.